चाळीसपैकी एकतीस

नळीच्या मुळाशी, डाव्या अंगाला,
केसासारख्या बारीक रेषांत कोरलंय: ३१/४०.
चाळीसच केल्या. मग कारागिराचे डोळे गेले
की अक्रोडाचं ते एकच झाड संपलं,
विकणाऱ्याने दोन्ही गोष्टी सांगितल्या,
मी दोन्हींचे पैसे दिले.

केप्याचा पावसाळा लोखंडाला मानवत नाही.
जूनपासून कपाटात एक पिवळा बल्ब जळतो रात्रंदिवस.
सुलक्षा म्हणते, माझ्या बाळंतपणात एवढी ऊब कुणी केली नव्हती.
दर शनिवारी बोल्ट काढतो, पुसतो,
तेलाचा एक थेंब, बोटाने पसरून,
परत सरकवतो.
त्या आवाजासाठी आठवडा काढतो मी,
हे तिला माहीत आहे.

दस्त्याला चीर गेली तेव्हा मोनो च्यारीला बोलावलं.
त्याने लाकूड हुंगलं, नखाने टोचलं,
“भाटकार, हें लाकूड आमच्या पावसात रडतलें.
फणसाचा दस्ता करून बसवू?”
मी काही बोललो नाही.
तो मुकाट सरस तापवायला बसला.

तिसावी कुठे, बत्तिसावी कुठे,
सतरा वर्षं शोधत होतो.
शेजारघरं माहीत असावीत माणसाला.
तिसावी सापडली नाही. बत्तिसावीचा पत्ता लागला,
बर्फाच्या मुलखातलं गाव, मालक वारलेला.
त्याच्या बायकोने लिहिलेल्या चार ओळी
पोस्टमास्तरांच्या मुलीकडून वाचून घेतल्या:
हे हरणामागे जायचे. पुष्कळदा रिकाम्या हातांनी परतायचे.
म्हणायचे, ही जरा डावीकडे ओढते.
तुमचीही ओढते का?

आता काय सांगू.
कुळागरात रात्री डुकरं येतात,
सुरण उकरतात, पाटाचं पाणी फोडतात.
एकदा व्हरांड्यात उभा राहिलो, एकतीस खांद्याला.
मादी होती. मागे पट्ट्यापट्ट्यांची पाच पिल्लं.
बोल्ट ओढला, त्या आवाजानेच सगळी पोफळींत पसार.
आत काडतूस नव्हतंच.
कायदा आडवा येतो, असं मी लोकांना सांगतो.
खरं तर नळी काळी पडली असती.

मग कागद आला: एका परवान्यावर दोनच.
माझ्याकडे तीन.
रात्रभर तिघी जेवणाच्या टेबलावर आडव्या.
एक ही.
दुसरी बारांतली पाचवी, मधाच्या रंगाची, आखूड नळीची.
तिसरी वडिलांची. तिला नंबर नाही,
पट्ट्याला अजून त्यांच्या मानेचा वास,
दस्त्यावर गाल टेकायचा तिथे लाकूड गुळगुळीत.
सुलक्षा पाणी प्यायला उठली,
टेबलाकडे बघत म्हणाली, “उद्या जेवायचं कुठे?”

ठाण्यात उल्हास वेळीप हवालदार.
त्याचा आजोबा ठासणीची घेऊन पारधीला जायचा,
गावभर वाटे व्हायचे, गरोदर बाईला एक जास्त.
हे त्यानेच सांगितलं, रजिस्टर शोधता शोधता.
बोल्ट सराईतपणे काढून
नळी खिडकीच्या उजेडाकडे धरली.
“आटे झिजलेत. चाललीय खूप.”
चालली, म्हटलं.
“आणि घरी ठेवल्या त्या?”
त्या कोऱ्या आहेत.
त्याने माझ्याकडे पाहिलं, मग नळीत पाहिलं,
पुन्हा माझ्याकडे.
“हीच द्यायची ना नक्की?”

रजिस्टरात लिहिलं: रायफल, जुनी, एक.
खाली मी सही केली.
सहीतलं मधलं नाव वडिलांचं, ते नेहमीसारखंच आलं.

त्या रात्री बर्फाच्या मुलखात पत्र लिहिलं.
पुरुषभर पाऊस होता, लाइट दोनदा गेली,
कपाटातला बल्बही.
बाई, तुमच्या पतीचं बरोबर होतं, लिहिलं.
माझीही ओढते.
थोडी डावीकडे.